आखूड दोर

त्या गावच्या विहिरीबद्दल माझ्या वहीत पहिल्या खेपेला तीन नोंदी झाल्या. पाणी आठ हात. कठडा पक्का. दोर आखूड, पुढच्या वेळी आपला लांब दोर घेणे. तिन्ही नोंदी बरोबर होत्या, आणि त्यांच्याच भरवशावर मी त्या गावाचं गोडं पाणी घालवलं. ते कसं झालं आणि परत मिळावं म्हणून काय करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो.

ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला विलायतेतून मागणी आली होती. लोकांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला. मी अमरावतीच्या एका शेठजींच्या गाड्यांचा मुकादम होतो. रेल्वेचे रूळ खानदेशाकडून अकोल्याच्या रोखाने येत होते, पण अमरावतीपासून त्यांना अजून अवकाश होता. आमचं काम अमरावतीहून अकोल्यापर्यंत रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, बोजे पोचवायचं. सहा मुक्काम पडत. पुढे माल दुसऱ्यांच्या गाड्यांवर चढे आणि आम्ही माघारी फिरत असू.

तेजीच्या आधी माझ्या हाताखाली बारा गाड्या होत्या. दोन हंगामांत त्या चाळीस झाल्या. बारा गाड्या डोळ्यांनी सांभाळता येतात, चाळीस येत नाहीत, म्हणून मी वही केली. निघायच्या आदल्या दिवशी एकेक गाडीभोवती फिरून नोंद करायची: आस म्हणजे चाकांचा कणा, चाकावरची लोखंडी धाव, जू, वंगणाचं नळकांडं, जादा खुंट्या, बैलांचे खूर. परतवाड्याच्या टिकाऊ लाकडाचा आस असेल तर बरोबरची खूण, दुसरा असेल तर फुली. मुक्कामांची पानं वेगळी. कुठे सावली, कुठे कडबा, कुठे उतार, कुठे पाणी. गाडीवान हसत. एक म्हातारा गाडीवान म्हणे, मुकादमाले शिंक आली तरी आदी वहीत पाहून घेते. पण वही केल्यापासून वाटेत एकही आस मोडला नव्हता, म्हणून हसणं मी चालवून घेत असे.

आता पाण्याबद्दल. अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की मधला पट्टा खारपाणाचा लागतो. विहिरी असतात, त्यांत पाणी असतं, पण खारं. तिथली जनावरं सवयीने पितात. आमच्या बाजूच्या बैलांना ते बाधतं. ते तोंड फिरवतात, आणि प्यायले तर ढाळ लागून गळून जातात. हे काही मला नव्याने कळायचं नव्हतं. म्हणून त्या पट्ट्यात ‘गोडं’ हा शब्द जिथे ऐकू येई, तिथे मी वही काढत असे. चौथ्या मुक्कामाच्या वाटेवर असंच एक गाव लागे; त्या हंगामापर्यंत आम्ही तिथे कधी थांबलो नव्हतो. तिथे खाऱ्या विहिरी तीन आणि गोडी एक. गावाचं नाव लिहीत नाही.

पहिल्या खेपेला, कार्तिकात, आम्ही तिथे चौदा गाड्या घेऊन गेलो. विहिरीवर एक बाई होती, माझ्याच वयाची, विधवा. विहिरीला लागून तिचं घर. गावाने त्या विहिरीचा दोर तिच्या घरी ठेवायला दिला होता आणि तो तिच्या हातूनच निघे. सकाळी घरटी दोन पोहरे, दिवस कलल्यावर दोन. तिने आमच्या माणसांना प्यायला दिलं. बैलांना द्यायचं ते निम्मं गोडं, निम्मं खारं, असं हौदात कालवून दिलं. पोहरा सोडायची तिची तऱ्हा मला चमत्कारिक वाटली. पोहरा पाण्यात बुडवायचा नाही. पाण्यावर टेकवायचा, कलता करायचा आणि वरच्या वर भरून घ्यायचा. आपल्याकडे दोन पोहरे निघावेत इतका वेळ एका पोहऱ्याला लागे. दोरही पुरता नव्हता. मध्ये एक मोठी गाठ मारलेली; त्या गाठीशी दोर रहाटावर अडे आणि पोहरा पाण्याला जेमतेम टेके.

मी सुतळीला दगड बांधून पाणी मोजलं. आठ हात भरलं. इतकं पाणी असून ही माणसं थेंबथेंब काढतात, असं मनात आलं. मग ती तिसरी नोंद केली.

दुसरी खेप पौषात. या वेळी गाड्या चाळीस, म्हणजे बैल ऐंशी. मी तयारी करून गेलो होतो. सोबत लांब दोर होता, चामड्याचे दोन मोठे डोल होते, आणि विहिरीच्या काठाशी दोन खांब रोवून, वर रहाट बसवून, बैलजोडीने डोल ओढायची जुळणी होती. ती मी अमरावतीला स्वतः सुताराकडून करून घेतली होती. दोन कोस पुढे नदी होती आणि तिच्या डोहात पाणीही होतं, पण रस्ता सोडून पात्रात चाळीस गाड्या नेऊन परत काढायच्या म्हणजे अर्धा दिवस जाणार. तो अर्धा दिवस मला वाचवायचा होता.

आम्ही पोचलो ते भर दुपारी. गावात चिटपाखरू नव्हतं. वेचणीला मजुरी चांगली मिळत होती, बायका सगळ्या वावरात, आणि ती बाईही. चावडीवर पाटलांच्या घरचे एक वृद्ध बसले होते. मी रीतीप्रमाणे त्यांना विचारलं. ते म्हणाले, “पान्याले कोनी नाई म्हनते काय? घ्या.” आमच्या मुलखात वाटसरूला पाणी नाकारत नाहीत. ते जे बोलले ते कुणीही बोललं असतं. मी वहीत लिहिलं: परवानगी घेतली.

खांब रोवले, डोल सोडले. काम फार नेटकं झालं. दहा-दहा बैल आणायचे, पाजायचे, बाजूला न्यायचे. ना गर्दी, ना बोंबाबोंब. माणसांचे घडे भरले, गाड्यांना टांगलेल्या पखाली भरल्या. शेवटच्या बारा बैलांनी हौदाला तोंड लावलं, फुरफुरले आणि मागे सरले. मी लिहिलं: शेवटचे बारा प्यायले नाहीत, तहान नव्हती. सगळं उरकून सूर्याकडे पाहिलं तर अजून वेळ हातात होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

उन्हं कलली तशा बायका वावरातून परतल्या. ती बाई थेट विहिरीवर आली. पदराला कापसाचा कचरा चिकटलेला होता. तिने आमचे खांब पाहिले, ओला काठ पाहिला, आणि घरातून आपला दोर आणला. गाठीपर्यंत सोडला. पोहरा पाण्याला लागलाच नाही. तिने गाठ सोडली, आणखी सोडला, पोहरा टेकवला, वर घेतला, ओंजळभर तोंडात घेतलं आणि बाजूला थुंकलं.

“तुमचा दोर केवढा हाय?” तिने मला विचारलं.

मी सांगितलं.

“आन आमचा गरिबीनं आखूड हाय, असं वाटलं तुमाले?”

अगदी तसंच वाटलं होतं.

मग तिने मला समजावून सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिच्या सांगण्याचा सारांश असा. पावसाचं पाणी त्या जागी वरून मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. वरचं हातभर, फार तर दीड हात, तेवढंच गोडं. त्याखाली सगळं खारं. हलक्या हाताने वरचं काढलं तर बाजूने वरचं पाझरत राहतं आणि आखाड लागेपर्यंत पुरतं. पोहरा बुडवला की खालचं ढवळून वर येतं. घाईने उपसलं तर खालचं उसळून वर चढतं आणि वरच्याची जागा घेतं. दोराला गाठ त्याचसाठी. पाणी उतरलं की गावापुढे ती गाठ सुटे, वीतभर खाली बांधली जाई. एकट्यादुकट्याने ती सोडायची नाही. हा रिवाज तिच्या सासूच्याही आधीचा.

मी आठ हात मोजले होते. गोडं किती हात, हे मी मोजलं नव्हतं. पाणी एकच असतं असं धरून चाललो होतो. आणि ते बारा बैल. खरी बातमी त्यांनी मला दुपारीच दिली होती. ती मी वहीत घेतलीही होती, फक्त तिचा अर्थ माझ्या सोयीचा लावला होता.

मी म्हणालो, माणसं लावतो, सगळी विहीर उपसून देतो. ती म्हणाली, आता कोणी हात नका लावू. झालं ते पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे गेलो. जाणं भाग होतं. अकोल्याला शेठजींचा आडत्या भेटला. त्याने गाड्या पाहिल्या, बैल पाहिले, आणि चाळीस गाड्या एकही मोड न होता वेळेआधी आल्या म्हणून माझी पाठ थोपटली. म्हणाला, शेठजींना लिहितो. हंगामाच्या सगळ्या गाड्या, आमच्या नि भागीदारांच्या, तुझ्याच हुकमाखाली दिल्या पाहिजेत. शंभरावर गाड्या होत्या त्या. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं. मी पागोटं नीट केलं, बरं म्हणालो, आणि बाहेर येऊन रुईच्या बोज्याला टेकून बराच वेळ बसलो. एका विहिरीपाशी मी चाळीस गाड्यांनिशी हे केलं. शंभर गाड्या दिल्या तर तीच नेटकी कामगिरी मी सहा मुक्कामांवर करीन. वही जितकी चांगली, तितकं नुकसान लवकर.

परतताना मी गाड्या रस्त्यावर उभ्या केल्या आणि एकटा गावात गेलो. विहिरीवर बाभळीच्या काट्या पसरल्या होत्या, कोणी पाणी काढू नये म्हणून. नदीकडून बायकांची रांग येत होती, डोक्यावर दोन-दोन घडे. दोन कोस जाणं, दोन कोस येणं. त्यामुळे वेचणी बुडाली. ज्यांच्या घरात जाणारं कोणी नव्हतं, ते खारं पीत होते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि म्हाताऱ्यांची पोटं बिघडतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीला त्या विहिरीला शिवायची मुभा नव्हती. त्यांच्या घड्यात वरून ओतलं जाई, आणि तेही सगळ्यांचं झाल्यावर. विहीर बिघडली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांचं बंद झालं. ही वस्ती मी दोन्ही खेपांना पाहिली होती. वहीत तिची नोंद नव्हती, कारण तिथे ना सावली होती, ना कडबा, ना पाणी.

आणखी एक गोष्ट झाली होती. दोन दिवसांमागे कुणा दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाड्या आल्या होत्या. काट्या पाहून त्यांनी गावाला शिव्या दिल्या होत्या. पाण्याला नाही म्हणणारं गाव, असं नाव रस्त्याला लागलं होतं. चावडीवरचे ते वृद्ध आम्हाला ‘घ्या’ म्हणाल्या दिवसापासून चावडीवर बसले नव्हते.

बाई ओट्यावर कापूस निवडत होती. मी विचारलं, पाणी परत गोडं होईल का? ती म्हणाली, होतं. तिच्या सासूच्या वेळी एकदा बिघडलं होतं. दोन महिने कोणी हात लावला नाही, तेव्हा पाझरून वर आलं. पण तेव्हा पाऊसकाळ जवळ होता आणि नदीवर जायला हात मोकळे होते. आता वेचणी सोडून रोज नदीवर कोण जाणार? दहा दिवस जातील, मग एखादीचं लेकरू आजारी पडेल, ती काट्या बाजूला सारून घडाभर घेईल. मग दुसरी घेईल. विसावा मिळाला नाही तर विहीर कायमची गेली.

मी वही काढली. काय काढलं म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, काय काय लागेल ते लिहितो.

“लिवा,” ती म्हणाली. “मागंबी तुमी लिवलंच होतं. मुकादम, तुमच्या वहीत समदं हाय. पन कोन कोनाचं काय लागते, थे कुठंच नाई.”

तिला त्यात फार काही सुचवायचं नसावं. हातातलं काम तिने थांबवलं नव्हतं. पण मी उठलो तो ते वाक्य घेऊनच. लग्नाच्या घरी पाहुण्यांची नुसती यादी करून भागत नाही. कोण कोणाचा साडू, कोणाचं कोणाशी वाकडं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे ज्याला ठाऊक, त्यालाच पंगत बसवता येते. माझ्या वहीत गाडी होती, बैल होता, विहीर होती, दोर होता. सगळे पाहुणे होते आणि एकाचंही नातं नव्हतं. दोराचं वरच्या पाण्याशी नातं, पाण्याचं वेचणीशी, वेचणीचं आमच्या बोज्याशी. त्या गावात वेचणी बुडाली तर अखेर माझीच गाडी रिकामी राहणार. हे दिसायला मला कुठे लांब जायचं नव्हतं. पान उलटायचं होतं.

पानच उलटलं, अगदी खरोखर. गावाबाहेर रस्त्याकडेलाच गाड्या सोडल्या होत्या आणि मी जाण्याची व येण्याची पानं शेजारी धरून बसलो होतो. ती मी नेहमी वेगळी ठेवत असे. जाणं वेगळं, येणं वेगळं. जाण्याच्या पानावर चाळीसही गाड्या भरलेल्या. येण्याच्या पानावर चौदांवर मीठ, कापड, लोखंड, आणि उरलेल्या सव्वीसांपुढे एकच शब्द: रिकामी, रिकामी, रिकामी. तो शब्द मी दोन वर्षं लिहीत होतो.

अकोल्याकडून येताना आधी नदी, मग दोन कोसांवर ते गाव. गावाकडून अकोल्याला जाताना उलटं. म्हणजे भरल्या गाड्यांनी गावाचे रिकामे घडे नदीवर न्यायचे आणि रिकाम्या गाड्यांनी भरलेले घडे गावात आणायचे. मात्र चाळीस गाड्या एकदम गेल्या आणि दहा-बारा दिवसांनी एकदम आल्या, तर गावाला एक दिवस पूर येणार आणि पुढे कोरड. म्हणून गाड्या एकदम सोडायच्याच नाहीत. दहा आज, दहा तीन दिवसांनी, अशा सोडायच्या, म्हणजे वाटेवर कुठली ना कुठली टोळी जात किंवा येत राहील. आणि दहाच गाड्या असल्या की नाल्यांच्या उतारांवर खोळंबा नाही, नदीत उतरायला अर्धा दिवस नको, कुठल्याच विहिरीवर ऐंशी तोंडं नकोत. एक बदल केला की चार गाठी सुटत होत्या. मी इतकी वर्षं एकेक गाठ वेगळी धरून ओढत होतो.

म्हातारा गाडीवान शेजारी येऊन बसला होता. मी त्याला हे सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे आता आपुन मुकादमाचे पानके.” मग गंभीरपणे, घड्यांखाली गवताच्या चुंबळी लागतील, नाहीतर एकही धड पोचायचा नाही, असंही म्हणाला. ते मला सुचलं नव्हतं. मी लिहून घेतलं.

गावाशी बोलणं सोपं नव्हतं. आमच्या गाडीवानांच्या हातचं पाणी सगळी घरं पितील असं नव्हतं. मी तो विषय काढायला कचरत होतो. बाईने सरळ काढला. ठरलं ते असं की भरायचं गावच्याच माणसांनी, आमची फक्त गाडी. दोन बायका सकाळी आमच्या भरल्या गाड्यांबरोबर नदीवर जातील आणि त्याच दिवशी अकोल्याकडून येणाऱ्या रिकाम्या गाड्यांवर बसून परततील. कुसाबाहेरच्या वस्तीसाठी मी वेगळी गाडी धरली, आणि ती मागाहून नाही, बरोबरच येईल असं सांगितलं. यावर दोघांनी कुरकूर केली. बाई म्हणाली, गाडी मुकादमाची, कधी आणायची ते त्यांना ठरवू द्या. विषय तिथे थांबला. यात मोठं काही मी केलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी निराळी गाडी लागते, या गोष्टीला मी हातही लावला नाही.

अमरावतीला शेठजींसमोर उभा राहिलो तेव्हा आडत्याची चिठ्ठी आधीच पोचली होती. ते खुशीत होते. मी म्हणालो, हुकूम घेतो, पण गाड्या दहा-दहाच्या टोळ्यांनीच सोडीन. त्यांचा चेहरा बदलला. भाव आज आहे, उद्या नाही, आणि तू माल नऊ-नऊ दिवस दाराशी ठेवणार? मी वही पुढे केली. चाळीस गाड्यांचा प्रत्येक नाल्यावर किती वेळ गेला, प्रत्येक विहिरीवर किती गेला, ते त्यांना वाचून दाखवलं. शिवाय पहिल्या दहा गाड्या चाळीसांची वाट न पाहता निघतील, म्हणजे पहिला माल आधी पोचेल. शेवटचा थोडा मागे राहील, हे मी लपवलं नाही. मग गावाची हकीकतही सांगितली. ती मी मागाहून सांगितली, याची मला अजून खंत आहे. पण आधी सांगितली असती तर त्यांनी वही पाहिली नसती.

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग त्यांनी विचारलं, “मुकादम, तू रुई वाहतोस की पाणी?”

“रुईच, शेठजी. पण एकाच रस्त्यावरून.”

त्यांनी दोन महिने दिले. एकही टोळी रखडली तर हुकूम परत.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत दमवणारे. पहिल्याच खेपेला निम्मे घडे फुटले. चुंबळी होत्या, पण घडे बांधायचे दोर कच्चे. एकदा मधल्या टोळीचा आस अकोल्याहून रिकामं येताना मोडला; माल रखडला नाही, पण गावाला ठरल्या दिवसापुढे चार दिवस पाणी गेलं नाही. त्या चार दिवसांत विहिरीवरची एक काटी हललेली दिसली, असं बाईने सांगितलं. कोणी हलवली ते तिला ठाऊक होतं, पण ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या मुकादमांना मी अकोल्याच्या बाजारात गाठून त्या विहिरीचं सांगितलं. एक जण म्हणाला, तुमच्या शेठची विहीर आहे काय? दुसऱ्याने मात्र वाट बदलली. सगळ्यांना पटवणं मला जमलं नाही. ज्यांना पटलं नाही त्यांच्यासाठी काट्या होत्या.

त्या काळात मी नोंद करण्याची रीत बदलली. प्रत्येक गोष्टीपुढे दोन प्रश्न लिहू लागलो: ही कोणाच्या आधाराने उभी आहे, आणि ही हलली तर काय हलेल. पानं दुप्पट लागली, निघायला उशीर होऊ लागला. टोळ्यांचे चार नवे मुकादम नेमले तेव्हा त्यांना याद्या करून दिल्या नाहीत. त्यांना रस्त्याने एकदा पायी चालवलं आणि प्रत्येक मुक्कामाला विचारलं, इथे आपण नसतो तेव्हा काय चालतं? दोघांनी कंटाळून काम सोडलं. उरलेले दोघे माझ्याहून चांगले निघाले.

फाल्गुन सरताना मी स्वतः त्या मुदतीतल्या शेवटच्या टोळीबरोबर गेलो. गावची माणसं सकाळीच विहिरीभोवती जमली होती. कुसाबाहेरची माणसं थोड्या अंतरावर उभी होती. चावडीवरच्या वृद्धांना कोणीतरी धरून आणलं होतं. काट्या काढल्या. बाईने दोर सोडला, पोहरा टेकवला, तसाच हळू वर घेतला. ओंजळ भरून प्यायली. मग तिने त्या वृद्धांच्या हातावर थोडं ओतलं. ते प्यायले आणि नुसते मान हलवत राहिले.

मचूळ होतं, पूर्वीइतकं गोडं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. वरची वीतभर बरी होती. पावसाळा गेल्यावर कळेल. तोवर निम्मं नदीचं, निम्मं विहिरीचं, असं चालवायचं गावाने ठरवलं. आमच्या गाड्या हंगाम संपेपर्यंत घडे नेतील, असं मी कबूल केलं. तिने मला पाणी पुढे केलं नाही, आणि मी मागितलं नाही.

निघताना मी तिला विचारलं, पुढल्या हंगामात आमच्या गाड्या या गावात थांबू द्याल का?

“थांबा,” ती म्हणाली. “पन इचारून थांबा. आन कोनाले इचारायचं, थे आदी इचारा.”

मी रस्त्यावर आलो आणि गाडीवानांना सांगितलं, इथे बैल सोडायचे नाहीत, नदीवर पाणी पाजू. बैल मात्र पौषातली ती दुपार विसरले नव्हते. गाड्या हाकताच ते गावाच्या वाटेला वळले. एकेका जोडीच्या पुढे जाऊन, शिंगं धरून, त्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवावी लागली. दहाही गाड्या सरळ व्हायला ऊन वर आलं.